तिसरा वास

चिठ्ठीवर मी आधी 'लिंबाची साल' लिहिलं, त्याखाली 'ओला दगड' लिहिलं आणि तिसऱ्या शब्दाला पेन अडलं. खरं तर तो तिसरा वास सगळ्यांच्या आधी आला होता. बीकरवरची काचेची बशी सरकवून नाक खाली नेलं मात्र, तो चटकन पुढे आला, रॉकेलचा. थोडासा, लांबून आल्यासारखा, पण रॉकेलचाच.  घरात येतो, उशीला येतो, आता ह्या कुठल्यातरी लांबच्या देशातल्या दारूतही यायला लागला म्हणजे उत्तराबाई, तुमची वाट लागली, असं मी स्वतःला म्हटलं. मान वर करून बघितलं तर मरोळच्या आमच्या इसेन्सच्या कारखान्यातली ती वासाची खोली रोजच्यासारखीच होती. पांढऱ्या भिंती, बंद खिडक्या, घरघरणारा एअरकंडिशनर आणि लांब टेबलावर माणसामाणसांत उभ्या केलेल्या प्लायवूडच्या फळ्या, कुणी कुणाच्या चिठ्ठीत डोकावू नये म्हणून. पलीकडच्या फळीमागे जयंतीचं पेन भराभर चाललेलं ऐकू येत होतं. तिचं काही अडत नव्हतं.

दारू म्हणजे वाइन. पश्चिम जर्मनीहून आलेले लिंडनरसाहेब ती आपल्या सुटकेसमध्ये दोन स्वेटरांत गुंडाळून घेऊन आले होते. आमच्या कंपनीला त्यांच्या मदतीने पांढऱ्या द्राक्षाचा नवा इसेन्स काढायचा होता आणि त्यांचं म्हणणं पडलं की आधी तुमची नाकं बघू, मग कागदांवर सह्या करू. बाटली उंच आणि सडपातळ. रीसलिंग नावाच्या द्राक्षाची, शहात्तर सालची, म्हणजे दहा वर्षं नुसती पडून राहिलेली. त्यांच्या वडिलांच्याच मळ्यातली. तिकडे नदीकाठी काळ्या, पाटीच्या दगडाचे उभे चढ आहेत, त्यावर वेली लावतात, थंडी एवढी की द्राक्ष पिकायला ऑक्टोबर उलटतो, असं त्यांनी सांगितलं. आणि ही वाइन कोरडी आहे, म्हणजे फळातली साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवलेली, गोड काही लागेल अशी वाट बघू नका, असंही सांगितलं. आमच्याकडे वाइनचे ते पायाचे ग्लास कुठून असणार? शंभर मिलीचे बीकर धुऊन काढले आणि वर काचेच्या बश्या झाकल्या. लिंडनरसाहेब बघून हसले, पण कुत्सित नाही. जयंतीची संकष्टी होती. तिने आमच्या लॅबच्या देसाईसाहेबांना आधीच बजावलं होतं की मी जिभेला लावणार नाही, नुसता वास घेईन, वासाने काही उपास मोडत नाही. मला उपास नव्हता, पण जन्मात असलं काही तोंडाला लावलं नव्हतं आणि नवऱ्याला, विद्याधरला, हे घरी जाऊन सांगायचं की नाही ते ठरत नव्हतं. एवढीच काय ती धाकधूक घेऊन मी सकाळी खुर्चीवर बसले होते.

नाक गोंधळलं की आम्ही आपल्याच कोपराच्या आतली बाजू हुंगतो. स्वतःच्या कातडीचा वास नाकाला ओळखीचा असतो, त्यावर नाक जरा टेकतं. म्हणून तर चाचणीच्या दिवशी आम्हाला साबण वासाचा नको, डोक्याला तेल नको, गजरा नको, डब्यात कांदा नको. मी बाही वर करून कोपर हुंगलं. कातडी, थोडा घाम, सुती कापड. स्वच्छ. परत बशी सरकवली. लिंबाची साल आली, पावसाळ्यात कातळावर येतो तसा दगडाचा वास आला आणि त्यांच्या मागून हलत हलत पुन्हा तो. मी घोट तोंडात घेतला, घोळवला. आंबट, करकरीत, दात शिवशिवले. गोडाचा पत्ता नाही. थुंकपात्रात टाकला आणि श्वास नाकावाटे सोडला तर जाताजातासुद्धा रॉकेल. लिहावं तर सगळं उघड्यावर येणार. देसाईसाहेब विचारतील, हे काय? मग मला सांगावं लागेल की साहेब, गेले सहा महिने माझं नाक ठिकाणावर नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि मी तुम्हाला सांगितलेलं नाही. वीस वर्षांची नोकरी नाकावर चाललेली. नाक गेलं की मला परत खाली बॅरलं तपासायला बसवणार.

तसं हे नाक मला फुकटच मिळालं. परळच्या चाळीत आम्ही राहायचो, बाबा गिरणीत ब्लीचिंग खात्यात. ते जिन्यावर असतानाच मी सांगायचे की बाबा आले. आई म्हणायची, माझ्या चेडवाचां ह्यां नाक नाय, कुत्र्याचां हा. शेजारणी मासळी घेतली की आधी माझ्यासमोर धरायच्या आणि मी नाक मुरडलं की कोळणीशी भांडायला जायच्या. पुढे मी बी.एस्सी. केलं, इथे लागले, नुसती बॅरलांची घनता मोजायचं काम होतं. एकदा व्हॅनिलाचं एक बॅरल मला खटकलं, कागदावर सगळं बरोबर होतं, तरी मी हट्ट धरला. दोन दिवसांनी ते खरंच उतरलं. देसाईसाहेबांनी मला वरच्या खोलीत आणलं ते तेव्हापासून. नव्या मुलींना मी एकच गोष्ट शिकवायचे, जे येतं ते लिहा. येईल असं वाटतं ते लिहू नका, यायला पाहिजे ते लिहू नका. आणि आता मीच पेन हातात धरून बसले होते, यायला काय पाहिजे त्याचा विचार करत.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी त्याला घाबरले नव्हते. श्रावणातला रविवार होता. माझी धाकटी बहीण प्रेमा आणि तिचा नवरा नंदकिशोर आमच्या मुलुंडच्या घरी आले होते. ती दोघं घाटकोपरला भटवाडीत राहतात आणि एक रविवार सोडून एका रविवारी आमच्याकडे येतात, लग्न झाल्यापासून सहा वर्षं, अगदी न चुकता. प्रेमा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलेली, त्यामुळे ती आली की मी तिला जवळ घेते आणि तिच्या मानेत नाक घालते, ती लहान असल्यापासूनची सवय. त्या रविवारी मानेत नाक घातलं आणि अंबाड्याच्या खालून रॉकेल आलं. मी म्हटलं, काय गं, हे कसलं? ती म्हणाली, स्टोव्ह गळतोय, ताई. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून स्टोव्हवर तापवतात, मला माहीत होतं. मी म्हटलं, वॉशर बदलून घ्या. नंदकिशोर बाहेरच्या खोलीतून म्हणाला, बदलायचाय, बदलायचाय. मग आम्ही जेवलो. अळूवडी केली होती.

पण रात्रभर मला ते खटकत राहिलं, त्या बॅरलासारखं. स्टोव्ह गळला तर पदराला लागेल, निऱ्यांना लागेल, हाताला लागेल. तिच्या हातांना वास नव्हता, कोथिंबिरीचा होता. पदराला नव्हता. केसांना होता, मागे, मुळाशी. मी विद्याधरला सांगितलं तर तो म्हणाला, अगं हात केसांना पुसला असेल, तू नाकाने वकिली करतेस. मला तेव्हा ते पटलं असं नाही, पण पटवून घेतलं. पटवून घ्यायला बरं असतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्रेमा एकदा रडत आली होती, सासू मूल नाही म्हणून बोलते म्हणून, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, थोडं सांभाळून घे, सगळीकडे असतंच. आई तेव्हा गावी गेली होती, कुडाळजवळ, बाबा वारल्यावर. मी मोठी. मला वाटलं मोठ्या माणसाने असंच बोलायचं असतं. त्यानंतर ती कधी रडत आली नाही.

पुढच्या फेरीला वास नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीला होता. मग एकदा नाही, मग पुन्हा होता. मी विचारायचे आणि ती हसून म्हणायची, ताई, काहीतरीच तुझं, मला तर नाही येत. आणि बाहेर नंदकिशोर पेपर वाचत बसलेला, तोही हसायचा. मग तो वास मला इतर ठिकाणी यायला लागला. सोफ्याच्या पाठीच्या उशीला आला. लाडवांचा स्टीलचा डबा तिने परत केला त्याच्या झाकणाला आला. एकदा माझ्याच तळहाताला आला आणि मी तीनदा साबण लावला. विद्याधरने उशी हुंगली, म्हणाला, कापूस आहे गं नुसता. त्याच्या नाकाला खवट तूपही कळत नाही, पण सारखं सारखं कुणी नाही म्हटलं की माणसाचं बळ जातं. तोच मला डॉक्टरकडे घेऊन गेला, समजुतीने, भांडून नाही. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून बघितला, डोक्याचा फोटो काढायला लावला, त्यात काही निघालं नाही. मग विचारलं, पाळी कशी आहे, झोप कशी आहे, घरात कुणी भाजून गेलंय का. मी म्हटलं, नाही हो. ते म्हणाले, पेपरात रोज वाचता ना, स्टोव्हचा भडका, अमकी विवाहिता, ते मनात बसतं. नाकाला भास होऊ शकतो, कानाला होतो तसाच. गोळ्या देतो, आणि त्या वासाच्या मागे लागू नका, मागे लागलात की तो वाढेल.

भास हा शब्द ऐकल्यावर मला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. प्रेमाच्या केसांना वास नाही, वास माझ्या डोक्यात आहे, मग काय, मी वेडी झाले तर झाले, प्रेमा तर सुखरूप आहे. गोळी घेतली की जीभ जड व्हायची आणि दुपारी लॅबमध्ये वासाच्या कागदी पट्ट्या हुंगताना केवडा आणि गुलाब एकमेकांत शिरायचे. वास दहापैकी किती त्याचे आकडे मी जयंतीच्या आकड्यांवरून भरायला लागले. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मागच्या रविवारी प्रेमा आली तेव्हा मी डॉक्टरांचं ऐकलं. ती चपला काढून आत आली, नेहमीसारखी माझ्यासमोर उभी राहिली आणि मी तिला जवळ घेतलंच नाही. हात पिठाचे आहेत म्हटलं. ते नव्हते. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मग पाणी प्यायला गेली.

हे सगळं त्या बीकरपुढे बसून माझ्या डोक्यातून गेलं, दोन मिनिटं गेली असतील नसतील. देसाईसाहेब घड्याळ बघत होते. मला एकदम स्वतःचाच राग आला. म्हटलं, जाऊ दे, काढतील तर काढतील, पण ही चिठ्ठी तरी खोटी नको. नाक बिघडलंय तर बिघडलेल्या नाकाला जे येतंय ते लिहू. 'रॉकेल' लिहिलं आणि चिठ्ठी दुमडून डब्यात टाकली. 

देसाईसाहेब एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायला लागले आणि त्याचं इंग्रजी करून सांगायला लागले. हिरवं सफरचंद, लिंबू, मध. लिंबू, पांढरं फूल, द्राक्ष. जयंतीची होती मोसंबं, मध, फूल. लिंडनरसाहेब मान हलवत होते, पण लिहून घेत नव्हते. माझी शेवटी आली. देसाईसाहेब तिसऱ्या शब्दापाशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तो शब्द न वाचताच सरळ माफी मागायला लागले. म्हणाले, स्टोअरमध्ये बाटली ठेवली होती, तिथे रॉकेलचा डबा असतो, काही लागलं असेल, आमच्याकडे काय सांगावं, इथे पेट्रोलपंपावरसुद्धा भेसळ असते. स्टोअरकीपरला बोलवायला माणूस पाठवला. बाटली सकाळपासून लिंडनरसाहेबांच्या बॅगेत होती हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. लिंडनरसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, शब्द काय लिहिलाय. मी सांगितलं, केरोसिन. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"किती? दहापैकी?"

"चार. नाही, पाच," मी म्हटलं. "घोट थुंकल्यावर जास्त येतो."

त्यांनी आपली चिठ्ठी उलटी करून माझ्याकडे सरकवली. त्यांनी ती सकाळी बाटली उघडल्या उघडल्या लिहिली होती. लिंबाची साल, दगड, पेट्रोल, पाच. म्हणाले, हे द्राक्ष बाटलीत म्हातारं झालं की हा वास येतो. ऊन चांगलं पडलेल्या वर्षी जास्त येतो आणि शहात्तरला आमच्याकडे कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. ह्यात दोष काही नाही, भेसळ नाही, तो त्या द्राक्षाचाच आहे. पण वाइन विकणाऱ्यांना हा शब्द आवडत नाही, म्हणून नाकाला आला तरी पुष्कळ लोक तो लिहीत नाहीत. मी जिथे जातो तिथे ही बाटली उघडतो, कोण लिहितो ते बघायला. मग देसाईसाहेबांकडे वळून म्हणाले, ह्या बाईंचं नाक जपा.

देसाईसाहेब हसले, सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पण हसत असणार. माझ्या छातीवरचं सहा महिन्यांचं ओझं उतरलं. वास होता. बीकरमध्ये होता, माझ्या डोक्यात नव्हता. मी वेडी नाही. जयंती फळीवरून वाकून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मलाही आला होता गं. पण दारूत रॉकेल कसं लिहायचं? मला वाटलं, आपलंच काहीतरी."  आणि मग ते सुख जसं आलं तसं माझ्या अंगातून सरसर खाली गेलं. नाक बरोबर आहे. म्हणजे नाक श्रावणातही बरोबर होतं. म्हणजे उशी, डब्याचं झाकण, माझा तळहात, जिथे जिथे प्रेमाचं डोकं टेकलं किंवा तिचे हात लागले तिथेच तो होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि तिच्या केसांना होता. मागे, मुळाशी, वरून ओतल्यावर लागतो तिथे.

मी देसाईसाहेबांना म्हटलं, मला जायला पाहिजे. ते म्हणाले, आता? लिंडनरसाहेबांबरोबर जेवण आहे. मी म्हटलं, बहिणीकडे, आणि पर्स उचलून निघाले. एमआयडीसीच्या फाटकाशी रिक्षा मिळाली, म्हटलं भटवाडी, घाटकोपर, साकीनाक्यावरून असल्फ्याच्या रस्त्याने चला, थांबू नका. दुपारचा एक वाजला होता. रस्ताभर मी स्वतःला शिव्या दिल्या. सहा महिने. नव्या मुलींना शिकवतेस, जे येतं ते लिहा, आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी डॉक्टरला विचारायला गेलीस. असल्फ्याच्या चढावर एक ट्रक आडवा झाला होता, रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि मला एकाएकी अशी भीती वाटली की आपण पोचू तेव्हा खाली माणसं जमलेली असतील. पेपरात येतं तसं. मी खाली उतरून चालायला लागले, मग ट्रक हलला, रिक्षावाला मागून आला, म्हणाला, बसा बाई, गेला तो. मी बसले. 

खाली कुणी जमलेलं नव्हतं. कुणाचे तरी पापड वाळत होते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं आणि प्रेमाची सासू चटईवर बसून मटार सोलत होती. अगं बाई, उत्तराताई, आज कामाला सुट्टी? असं ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली. मी चप्पल न काढता आत गेले. प्रेमा मोरीपाशी भांडी घासत होती, मला बघून राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं आणि अंबाडा वर उचलून मानेत नाक घातलं. चार दिवसांचा होता, फिका झालेला, पण होता. ह्या वेळी मी 'हे कसलं' म्हटलं नाही.

"किती वेळा?"

तिने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"सहा."

मी मोजलेले पाच होते. सहावा मागच्या रविवारचा, मी जवळ घेतलं नाही तेव्हाचा.

"काडी?"

"ओढत नाहीत. आई ओततात, हे दारात उभे राहून नुसती काडेपेटी वाजवतात," ती म्हणाली. "फारकतीच्या कागदावर सही कर म्हणतात. आपण होऊन जातेय असं लिहिलंय त्यात."

मी म्हटलं, हात धू, चल. सासू दारात आली होती. हातात मटाराच्या शेंगा तशाच. म्हणाली, कुठे चाललात? मी म्हटलं, प्रेमाला न्यायला आलेय, तिच्या केसांना रॉकेलचा वास येतो. ती म्हणाली, स्टोव्ह गळतो आमचा, नंदू वॉशर आणणारच आहे.

"स्टोव्ह खाली असतो, सासूबाई," मी म्हटलं. "केस वर असतात."

 संध्याकाळी नंदूला येऊ दे, मग काय ते बोला, एवढंच ती पुटपुटली आणि बाजूला झाली, मी ढकलायच्या आधीच. मला वाटलं होतं अंगावर येईल. ती साठीची बाई होती, बारीक चणीची, भीतीने तिचे ओठ हलत होते. तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या त्या तिने उचलल्या. प्रेमाला चपला सापडेनात. समोरच्या दारातली बाई कधीपासून उभी होती कोण जाणे, तिने आपल्या पायातल्या काढल्या आणि पुढे सरकवल्या. म्हणाली, घेऊन जा त्यांना. आम्हाला पण यायचा हो वास, शनिवारी. मी तिला काहीतरी बोलणार होते, चांगलंच लागेल असं, पण सहा महिने मी तरी काय केलं होतं. प्रेमाने चपला घातल्या. एक बोट बाहेर राहत होतं.

रिक्षावाला खाली थांबला होता, मी सांगितलेलं नसताना. आम्ही एलबीएस रोडला लागलो. प्रेमाचे दोन्ही हात मांडीवर, राख नीट निघाली नव्हती. मी मात्र पोलिसांत जायचं का, वकील कोण, आईला काय कळवायचं, विद्याधरला कसं सांगायचं, सगळं एकदम बोलत होते आणि ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. विक्रोळी गेल्यावर ती म्हणाली, "ताई, मी रविवारी केस मुद्दाम धुवायचे नाही. आई धू म्हणायच्या, मी पुढून पाणी लावायचे आणि मागचे तसेच ठेवायचे. हे बाहेर बसलेले असायचे, मला बोलता यायचं नाही. मला वाटायचं, ताईला येईल."

"आला होता गं," मी म्हटलं.

"मग ह्या रविवारी जवळ का नाही घेतलंस?"

मी तिला सगळं सांगितलं. गोळ्या, डोक्याचा फोटो, भास, आणि पिठाचे हात नव्हते तेही. काही लपवलं नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून समोर रिक्षावाल्याच्या मानेकडे बघत सांगितलं. मग सकाळची बाटली, बीकर, तो जर्मन साहेब आणि पाच मार्क. ती ऐकत होती. मी रडत होते आणि नाक गळत होतं, वीस वर्षं जपलेलं नाक, आणि मी ते सरळ पदराला पुसलं. ती माझ्याकडे वळून बघायला लागली.

"म्हणजे तू दारू प्यायलीस?"

"थुंकली," मी म्हटलं. "एकच घोट. थुंकली लगेच."

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं, वाकून, पोट धरून, लहानपणी चाळीच्या गॅलरीत हसायची तसं, आणि मग तेच हसू रडण्यात गेलं आणि ते भांडुप येईपर्यंत थांबलं नाही. रिक्षावाल्याने आरसा जरा फिरवला, परत सरळ केला. मी काही समजूत घातली नाही. ती जिवंत होती, माझ्या शेजारी बसून एवढ्या मोठ्याने रडत होती, ह्याच्यापेक्षा चांगलं मला त्या वर्षात काही ऐकू आलं नव्हतं. मग ती दमली. मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं, अंबाडा सुटला होता, आणि मुलुंड येईपर्यंत तो वास घेत राहिले.